परसबागेतील फुले, फुलपाखरे आणि हाताने साधलेला फोकस

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्याची छायाचित्रकारांमधील ओळख मुख्यतः टिपेश्वर अभयारण्यामुळे आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे सागवानी रान घाटंजी आणि केळापूर या दोन तालुक्यांत पसरलेले असून तेथे येणारा हौशी छायाचित्रकार बहुधा वाघासाठी येतो आणि लांब पल्ल्याची, आपोआप फोकस साधणारी लेन्स बरोबर आणतो. त्याच तालुक्यातील घरांच्या परसात लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, सदाफुली आणि झेंडू यांच्याभोवती जे चालते ते टिपायला मात्र वेगळे साधन आणि त्याहून अधिक वेगळी सवय लागते. हाताने फोकस साधणे ही जुन्या कॅमेऱ्यांच्या काळातील नाइलाजाची रीत होती, असा समज आहे. दूरच्या आणि धावत्या विषयांपुरता तो खराही आहे, परंतु वीतभर अंतरावरील फूल किंवा त्यावर बसलेले फुलपाखरू टिपताना हीच रीत अधिक भरवशाची ठरते आणि तिच्यासाठी खर्चही कमी येतो.

लेन्सपासून विशिष्ट अंतरावरील वस्तूचे किरण सेन्सरवर नेमके एकत्र यावेत अशी लेन्सची स्थिती जुळवणे म्हणजे फोकस साधणे. ही स्थिती एका वेळी एकाच प्रतलासाठी जुळते; म्हणजे लेन्ससमोर तिला समांतर असा एक अदृश्य सपाट पृष्ठभाग कल्पिला, तर त्याला जे काही स्पर्श करते तेवढेच काटेकोर अर्थाने स्पष्ट उमटते आणि त्याच्या किंचित पुढचा व मागचा भाग डोळ्याला केवळ स्पष्ट भासतो. या भासमान पट्ट्याच्या जाडीला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. तिला येथे ‘स्पष्टतेची खोली’ म्हटले आहे. ही खोली दोन गोष्टींवर ठरते: लेन्सच्या छिद्राचा म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकार आणि विशालन. सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट आहे ते विशालन सांगते. एक सेंटिमीटरची पाकळी सेन्सरवरही एक सेंटिमीटर उमटली, तर विशालन एकास एक होय. सर्वसाधारण हौशी डीएसएलआर कॅमेऱ्यातील साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या सेन्सरवर एफ/८ हे छिद्र ठेवले, तर एक तृतीयांश विशालनाला स्पष्टतेची खोली सुमारे चार मिलिमीटर, निम्म्या विशालनाला सुमारे दोन मिलिमीटर आणि एकास एकला अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशी अधिक भरते.

आपोआप फोकस साधणारी यंत्रणा जवळच्या कामात का चुकते याचे कारण या आकड्यांतच आहे. यंत्रणेचा फोकस-बिंदू प्रत्यक्षात एक छोटा चौकोन असतो आणि त्या चौकोनात फुलपाखराचा डोळा, शृंगिका, मागची पाकळी आणि मधे आलेली गवताची काडी असे सारे एकाच वेळी येते. त्यांतील ज्याची कडा सर्वांत ठळक, ते कॅमेरा पकडतो, आणि काहीच ठळक नसेल तर लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहते, तोवर फुलपाखरू उडून जाते. शिवाय कॅमेऱ्याने बरोबर अंतर पकडले तरी बटण पूर्ण दाबेपर्यंत हात दोन-तीन मिलिमीटर हलतोच, आणि उपलब्ध खोलीच तेवढी असल्यामुळे साधलेला फोकस वाया जातो. अलीकडच्या काही महागड्या कॅमेऱ्यांत कीटक ओळखणारी यंत्रणा आली असली, तरी शरीराच्या या हालचालीवर तिचाही पूर्ण इलाज नाही.

खोली वाढवण्यासाठी छिद्र आणखी लहान करावे, हा उपाय सहज सुचतो. पण त्यालाही मर्यादा आहे. विशालन वाढते तसा लेन्समधून सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश घटतो आणि एकास एकला एफ/८ हे छिद्र प्रत्यक्षात एफ/१६ सारखे वागते. त्यापलीकडे छिद्र आवळत गेल्यास प्रकाशकिरण छिद्राच्या कडेशी वाकून पसरतात, ज्याला भौतिकशास्त्रात विवर्तन म्हणतात, आणि संपूर्ण चित्रच मऊ पडू लागते. म्हणून मोठ्या फुलपाखरांसाठी एफ/८ ते एफ/११ आणि फार लहान विषयासाठी फार तर एफ/११ ही मर्यादा पाळावी व उरलेले काम कॅमेऱ्याच्या कोनावर सोपवावे. तो कोन हाच या लेखातील मुख्य विषय आहे.

साधनांच्या बाबतीत नव्या मॅक्रो लेन्सचा आग्रह धरण्याचे कारण नाही. सात-आठ सेंटिमीटर पंखविस्ताराचे प्लेन टायगर फुलपाखरू वर सांगितलेल्या सेन्सरची चौकट एक तृतीयांश विशालनालाच भरून टाकते आणि तेवढे विशालन जुन्या, हाताने फिरवायच्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब जोडून मिळते. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्यात काच नसते, ती लेन्सला सेन्सरपासून दूर नेते, आणि नळीच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागले की वाढलेले विशालन मिळते. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समागे पंचवीस मिलिमीटरची नळी लावल्यास अनंत अंतरावर फोकस ठेवलेल्या लेन्सलाही निम्मे विशालन येते. अशा जोडणीत विषय लेन्सच्या पुढच्या काचेपासून साधारण वीतभरही दूर राहत नाही, हे फुलाला चालते पण फुलपाखराला सहसा चालत नाही. त्यामुळे फुलपाखरांसाठी १३५ मिलिमीटरची जुनी लेन्स घेऊन तिला बारा, वीस आणि छत्तीस मिलिमीटरच्या नळ्यांच्या नेहमीच्या संचातील योग्य त्या नळ्या जोडाव्यात, म्हणजे एक तृतीयांश विशालनाला अर्ध्या मीटरहून थोडे अधिक अंतर मिळते.

जुन्या झेनिट किंवा पेन्टॅक्स कॅमेऱ्यांबरोबर येणाऱ्या, बेचाळीस मिलिमीटर आट्याच्या लेन्स आजही जुन्या बाजारात मिळतात. या लेन्स साध्या अडॅप्टरने कॅननच्या डीएसएलआरवर आणि जवळजवळ सर्व मिररलेस कॅमेऱ्यांवर बसतात. निकॉनच्या डीएसएलआरवर बसवल्यास दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही, आणि एरवी दोष मानली जाणारी ही गोष्ट येथे आड येत नाही, कारण परसबागेत दूरचे दृश्य टिपायचेच नसते. निकॉनची पंचावन्न मिलिमीटर मायक्रो-निकॉर ही हाताने फोकस साधायची लेन्स नळीशिवायच निम्म्या विशालनापर्यंत जाते आणि सुस्थितीत मिळाली तर ती अवश्य घ्यावी. मात्र निकॉनच्या प्राथमिक श्रेणीतील अनेक कॅमेऱ्यांत अशी लेन्स लावल्यावर प्रकाशमापन बंद पडते व प्रकाश अंदाजाने ठरवून पडताळावा लागतो. विदर्भातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरते. म्हणून विकत घेण्यापूर्वी एका बाजूने विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे.

लेन्स लावल्यानंतरचे पहिले काम बहुतेकांकडून राहून जाते. कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकाशेजारी एक छोटी चकती असते, तिने दृश्यदर्शकाची शक्ती पाहणाऱ्याच्या नजरेशी जुळवता येते. दृश्यदर्शकातील आकडे आणि रेषा लख्ख दिसेपर्यंत ती फिरवावी, अन्यथा चष्मा वापरणाऱ्याला फोकस बरोबर साधूनही चूक वाटतो, किंवा चुकलेला फोकस बरोबर वाटतो. मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू लावून दृश्य पाच किंवा दहा पट मोठे करता येते, फुलांसाठी ही सोय उत्तम आहे. मिररलेस कॅमेऱ्यांतील ‘फोकस पीकिंग’ स्पष्ट कडांवर रंगीत रेघ दाखवते. ती वाट दाखवते इतकेच, कारण पंखांवरील खवले मुळातच ठळक असल्याने प्रत्यक्ष स्पष्टतेपेक्षा थोड्या जास्त भागावर ती रेघ चमकते. छिद्र हाताने आवळायच्या लेन्सवर प्रथम ते पूर्ण उघडे ठेवून फोकस साधावा आणि नंतर कडी ठरावीक टकटकींनी मोजत एफ/८ वर आणावी. ही मोजणी सवयीने न पाहता जमते.

यापुढची रीत चित्रपटाच्या किंवा क्रिकेटच्या छायाचित्रणाशी जुळत नाही. जवळच्या कामात फोकसची कडी फिरवून विषय पकडू नये. आधी विषय चौकटीत किती मोठा हवा ते ठरवून, त्या विशालनाला कडी कायम करावी आणि मग कॅमेरा धरलेले संपूर्ण शरीर सावकाश पुढे-मागे झुलवत स्पष्टतेचे प्रतल विषयावर आणावे. याचे कारण असे की मोठ्या विशालनाला कडी फिरवल्याने फोकसपेक्षा प्रतिमेचा आकारच अधिक बदलतो, तर शरीर दोन मिलिमीटर पुढे नेल्याने प्रतल बरोबर दोन मिलिमीटरच सरकते आणि हाताला त्यावर ताबा ठेवता येतो. गुडघा टेकून, कोपर बरगडीला लावून, श्वास अर्धवट सोडलेला असताना झुलावे आणि डोळा स्पष्ट होण्याच्या क्षणाच्या किंचित आधी बटण दाबून तीन-चार चित्रे सलग घ्यावीत, म्हणजे त्यांतील एखादे नेमके बसते. तिपाई फुलांना योग्य, परंतु फुलपाखरामागे ती हलवता येत नाही. त्याऐवजी कमरेएवढ्या उंचीची काठी डाव्या हातात लेन्सच्या बरोबरीने धरून जमिनीला टेकवावी. घाटंजीच्या परिसरात तूर काढल्यानंतर उरणारी सरळ, हलकी तुराटी या कामाला पुरते, वाकडी पऱ्हाटी पुरत नाही.

सराव फुलांवरच करावा आणि तोही सपाट फुलापासून सुरू करावा. सदाफुलीच्या पाच पाकळ्या एका पातळीत असतात, त्यामुळे कॅमेरा तिच्या बरोबर समोर, पाकळ्यांना समांतर धरला की दोन मिलिमीटर खोलीतही सारे फूल स्पष्ट येते, आणि कॅमेरा थोडा कलला की एक बाजू लगेच पुसट होते. कोनाचे महत्त्व समजून घेण्यासाठी याहून सोपा धडा नाही. जास्वंद त्याच्या उलट आहे: तिची पुंकेसरांची दांडी पाकळ्यांच्या पुढे कित्येक सेंटिमीटर निघालेली असते, म्हणून समोरून पाहिल्यास दांडीच्या टोकाचे पाच लाल ठिपके, म्हणजे स्त्रीकेसराची अग्रे, स्पष्ट करून पाकळ्या मुद्दाम विरघळू द्याव्यात, किंवा फुलाच्या बाजूला जाऊन दांडी प्रतलात आडवी घ्यावी. दोन्ही चित्रे बरोबर आहेत. मधला तिरका कोन मात्र कशालाच न्याय देत नाही.

रंगांच्या बाबतीत लाल जास्वंद आणि पिवळा झेंडू फसवतात. सेन्सरचा लाल रंगाचा भाग इतर रंगांच्या आधी भरून जातो आणि पाकळीवरील शिरा नाहीशा होऊन सपाट लाल डाग उरतो. प्रकाशाचा आलेख दाखवणाऱ्या हिस्टोग्रामचे तीन रंगांचे वेगवेगळे आलेख पाहून लाल आलेख उजव्या कडेला आदळत असेल, तर प्रकाश दोन तृतीयांश टप्पा कमी करावा. पांढऱ्या फुलांचा नियम दुहेरी आहे: मोगऱ्याने किंवा तगरीने चौकट भरली असेल, तर प्रकाशमापक पांढरा रंग करडा करून टाकतो आणि प्रकाश एक टप्पा वाढवावा लागतो, तेच फूल गर्द पानांमध्ये लहान दिसत असेल, तर मापक पानांकडे पाहून फूल जाळतो आणि प्रकाश कमी करावा लागतो. फुलाची वेळही पाळावी लागते, कारण जास्वंद सकाळी उमलून संध्याकाळी मिटते, चिनी गुलाब ऊन आल्याशिवाय उघडत नाही आणि गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते.

या तालुक्यात परसाबाहेर पडणाऱ्या छायाचित्रकाराने कपाशीच्या फुलाकडे दुर्लक्ष करू नये. पात्या उमलल्यावर पहिल्या दिवशी फूल फिकट पिवळसर किंवा पांढरट असते आणि दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते. एकाच झाडावर दोन्ही रंगांची फुले शेजारी-शेजारी सापडतात. जास्वंदीच्याच कुळातील हे फूल खोल पेल्यासारखे असल्यामुळे त्यात प्रतल कोठे ठेवावे, कडेवर की तळाशी, हे ठरवण्याचा चांगला सराव होतो. मात्र शेतात शिरण्यापूर्वी शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि अलीकडे फवारणी केव्हा झाली ते विचारावे. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले होते, आणि छायाचित्रकार तर पानांना गाल लावून बसतो.

फुलपाखरांच्या बाबतीत लेन्सपेक्षा वर्तनाचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. फुलपाखराला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही; उडण्याचे स्नायू चालण्यासाठी वक्षाचे तापमान साधारण तीस अंशांच्या आसपास यावे लागते, म्हणून हिवाळ्याच्या सकाळी ते पंख पसरून उन्हात बसून राहते आणि ऊन तापले की पंख मिटून सावलीला जाते. पसरलेल्या पंखांचे चित्र त्यामुळे सकाळीच घ्यावे. त्याच्या संयुक्त नेत्रांना, म्हणजे असंख्य सूक्ष्म भिंगांनी बनलेल्या डोळ्यांना, हालचाल तत्काळ जाणवते. आडवे चालत गेल्यास ते उडते, खाली वाकून सरळ रेषेत सावकाश गेल्यास बहुधा बसून राहते. छायाचित्रकाराची सावली त्याच्यावर पडू देऊ नये, हा नियम सर्वांत आधी शिकावा.

सर्व फुलपाखरे सारखी अवघड नसतात. रुईवर वाढणारे प्लेन टायगर आणि कण्हेरीवर वाढणारे कॉमन क्रो पक्ष्यांना बेचव असल्यामुळे निर्धास्त, संथ उडतात आणि एका फुलावर बराच वेळ थांबतात. नवशिक्याने त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. ब्ल्यू पॅन्सी आणि लेमन पॅन्सी जमिनीवर पंख पसरून बसतात व हुसकल्यावरही बऱ्याचदा त्याच जागी परततात, म्हणून रिकाम्या जागेवरील एखाद्या खड्यावर आधीच फोकस साधून थांबावे. तरोट्यावर वाढणारी ग्रास यलो बसताना पंख मिटून बसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी नेहमी बाजूचाच कोन घ्यावा. लिंबू आणि कढीपत्त्यावर अंडी घालणारे लाइम बटरफ्लाय मकरंद पिताना पंखांची फडफड थांबवत नाही. तेथे शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवावा, किंवा १/१२५ ठेवून पंख धूसर आणि डोके स्पष्ट असे चित्र जाणीवपूर्वक घ्यावे. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेले ब्ल्यू मॉरमॉन याच गटातील आहे, परंतु ते मुख्यतः ओलसर जंगलांत रमते. त्याची वाट पाहत परसातील लाइम बटरफ्लाय दवडणे शहाणपणाचे नाही. तुरीला फुले आली की त्यांवर अंडी घालायला येणारे पी ब्ल्यू हे जेमतेम तीन सेंटिमीटरचे फुलपाखरू मागच्या पंखांवरील शेपटी आणि खोटे डोळे हलवून भक्षकाला खऱ्या डोक्यापासून दूर नेते. त्याचे चित्र घेताना छायाचित्रकाराचा फोकसही अनेकदा त्या खोट्या डोळ्यावरच जातो.

प्रतल कोठे ठेवावे याचे सामान्य उत्तर डोळ्यावर असे आहे, आणि पंख मिटलेले असतील तर पंखांच्या पृष्ठभागाला समांतर. परंतु ओळख पटवण्यासाठी घेतलेल्या चित्रात हा नियम कधी कधी मोडावा लागतो. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी बेचव प्लेन टायगरची इतकी हुबेहूब नक्कल करते की उडताना दोघींत फरक करणे कठीण असते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन किंवा चार काळे ठिपके असतात, तर नकलाकार मादीच्या मागच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा ठिपका असतो. डोळा लख्ख आणि मागचा पंख पुसट अशा सुंदर चित्रातून नेमकी हीच माहिती निसटते. म्हणून अशा वेळी वरून, चारही पंख एका प्रतलात येतील अशा कोनातून एक चित्र आणि मिटलेल्या पंखांचे बाजूने दुसरे चित्र घ्यावे.

घाटंजी साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य माथ्यावर येतो, तर डिसेंबरच्या मध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे सेहेचाळीस अंशांवरच राहतो. म्हणजे हिवाळ्यात तिरपा, पोत दाखवणारा प्रकाश दिवसभर मिळतो. पावसाळा ओसरल्यानंतरचे सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने फुलपाखरांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध असतात, आणि देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ सप्टेंबरमध्येच पाळला जातो. उन्हाळ्यात वाघाडी नदीच्या पात्रातील ओल्या वाळूवर नर फुलपाखरे क्षार शोषायला जमतात. या क्रियेला चिखलपान म्हणतात. त्यात गुंतलेली फुलपाखरे फार जवळ येऊ देतात, मात्र कॅमेरा त्यांच्याच उंचीवर, जवळजवळ वाळूला टेकवून धरावा लागतो. कडक उन्हात सावल्या काळ्या पडू नयेत म्हणून पांढरा कागद चिकटवलेला पुठ्ठा फुलाच्या सावलीच्या बाजूला धरावा; फ्लॅश वापरायचा झाल्यास त्यावर पांढऱ्या कागदाचा पडदा लावून कमी शक्तीवर वापरावा, अन्यथा पंखांवरील खवले चकाकून रंग उडतात.

फुलपाखरू स्थिर राहावे म्हणून त्याला पकडणे, थंड करणे किंवा त्याच्यावर पाणी फवारणे हे प्रकार टाळावेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत काही फुलपाखरांचीही नावे आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गारठलेल्या फुलपाखराची बसण्याची ढब जाणत्याला चित्रात लगेच कळते. फुलावर पाणी शिंपडण्यास हरकत नाही, पण ते दव म्हणून खपवू नये. परसात रुई, एरंड आणि पानफुटी यांपैकी एखादी वनस्पती ठेवावी व तिच्यावरील अळ्या मारू नयेत. अळीला पाने खाऊ न देणाऱ्या बागेत फुलपाखरू केवळ पाहुणे म्हणून येते.

चित्रे निवडताना प्रत्येकाबरोबर तारीख, ठिकाण, वेळ आणि फुलपाखरू ज्या वनस्पतीवर होते तिचे नाव नोंदवावे. कृष्णमेघ कुंटे यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया’ या पुस्तकाच्या आणि ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाच्या आधारे ओळख पडताळता येते. कॉमन इव्हिनिंग ब्राऊनसारख्या फुलपाखराच्या पावसाळी पिढीच्या पंखांखाली ठसठशीत डोळे असतात आणि कोरड्या ऋतूतील पिढी वाळलेल्या पानासारखी दिसते. म्हणून तारीख नसलेल्या चित्रांत एकाच जातीची दोन रूपे दोन जाती म्हणून नोंदली जाण्याचा धोका राहतो.